गठ्ठा कोणी बांधला होता?

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या काठावर, स्टार नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणायचा, पण वस्ती पासष्ट-सहासष्ट हजारांची, म्हणजे एखाद्या लहान तालुक्याएवढी. नदीपलीकडे मेक्सिको. शंभरातली सत्त्याण्णव माणसं लॅटिनो, घराघरांत स्पॅनिश, आणि गरिबीच्या यादीत काउंटी टेक्सासमध्ये कायम वरच्या नंबरात. २०२४ च्या नोव्हेंबरात या काउंटीने डोनाल्ड ट्रम्प यांना जवळपास ५८ टक्के मतं दिली. याआधी इथे रिपब्लिकन उमेदवार जिंकला होता तो १८९२ साली. तेव्हा तिथे वीजही नव्हती.

आकडे मागे नेले की धक्का आणखी मोठा वाटतो. २०१२ मध्ये ओबामांना इथे ८६ टक्के मतं होती. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ७९ आणि ट्रम्प यांना १९. म्हणजे ‘मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधू’ म्हणणाऱ्या माणसाला, भिंत जिथे बांधायची त्या गावांनी, आठ वर्षांत १९ वरून ५८ वर नेलं.

निकालानंतर अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर एकच प्रश्न घुमत होता : लॅटिनो मतदार फिरला कसा? प्रश्न ऐकायला सरळ आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ‘लॅटिनो मतदार’ नावाची एक वस्तू होती, ती एका बाजूला होती, ती आता दुसरीकडे गेली. आपण ज्याला गठ्ठा मतं म्हणतो, तशी. माझं म्हणणं असं, की हा गठ्ठा बांधलेला होता, आपोआप बनलेला नव्हता. कोणी बांधला, कशासाठी आणि कोणत्या दोरीने, हे बऱ्यापैकी नावानिशी सांगता येतं. ते कळलं की तो सुटला कसा याचं आश्चर्य कमी होतं.

आधी माणसं कोण ते पाहू. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत ६ कोटी २१ लाख लॅटिनो होते. देशाच्या लोकसंख्येच्या जवळपास एकोणीस टक्के. यांत दहातले सहा मूळचे मेक्सिकन. पण न्यू मेक्सिको राज्यात अशी घराणी आहेत, की त्यांचे पूर्वज सतराव्या शतकापासून तिथेच आहेत. १८४८ च्या तहात मेक्सिकोने हरलेला मुलूख अमेरिकेला दिला, तेव्हा ही माणसं जागची न हलता देश बदलून बसली. त्यांना ‘स्थलांतरित’ म्हणणं म्हणजे मुंबईच्या कोळ्यांना तुम्ही इथे कधी आलात असं विचारण्यासारखं आहे. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक. त्यांच्यापुढे व्हिसा, हद्दपारी हा प्रश्नच नाही. गंमत म्हणजे बेटावर राहिले तर त्यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी मत देता येत नाही, आणि विमानात बसून ऑरलँडोला किंवा पेनसिल्व्हेनियात राहायला गेले की देता येतं. क्युबन लोकांची गोष्ट आणखी वेगळी. कॅस्ट्रोच्या क्रांतीनंतर पळून आलेल्यांना १९६६ च्या खास कायद्याने कायम वास्तव्याचा रस्ता मोकळा करून दिला. त्याआधी १९६१ मध्ये ‘बे ऑफ पिग्ज’ची स्वारी फसली, तिचं खापर मायामीने केनेडी यांच्यावर फोडलं, आणि त्या घरांत डेमोक्रॅट पक्षाबद्दलचा राग वारशात मिळत गेला. शेतावर टोमॅटो तोडणारा मेक्सिकन मजूर, ब्राँक्समधला पोर्तो रिकन बसचालक आणि मायामीतला क्युबन दुकानदार यांच्यात भाषा सोडली तर समान काय, असं १९५० साली कोणी विचारलं असतं, तर त्या तिघांनाही उत्तर सुचलं नसतं.

टेक्सासच्या दक्षिणेत मात्र गठ्ठा होता, आणि तो अगदी शब्दशः होता. स्टारपासून फार लांब नसलेल्या दुवाल काउंटीत पार घराण्याचं राज्य होतं. बाप आर्ची, मुलगा जॉर्ज. मुलाला लोक ‘ड्यूक ऑफ दुवाल’ म्हणत. गोरं घराणं, पण अस्खलित स्पॅनिश बोलणारं. कोणाच्या घरी आजारपण, लग्न, मयत असो, पैसे पारांकडून येत. त्या बदल्यात मत पारांचं. टेक्सासमध्ये तेव्हा मत द्यायला कर भरावा लागे. तो करही पाटीवाल्या मजुरासाठी पारांची माणसं भरत. हे सगळं आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

१९४८ च्या ऑगस्टात सिनेटच्या जागेसाठी डेमोक्रॅट पक्षांतर्गत फेरमतदान झालं. एका बाजूला माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन, दुसऱ्या बाजूला तरुण खासदार लिंडन जॉन्सन. जवळपास दहा लाख मतं मोजून झाली, स्टीव्हन्सन थोड्या मतांनी पुढे. आणि मग सहा दिवसांनी जिम वेल्स काउंटीतल्या ॲलिस गावची १३ नंबरची पेटी बोलू लागली. तिथे दोनशेच्या वर नवी मतं सापडली, त्यातली दोन वगळता सगळी जॉन्सन यांची. मतदारयादीत शेवटी लिहिलेली ही नावं एकाच शाईत, एकाच अक्षरात होती आणि बरीचशी बाराखडीच्या क्रमाने आली होती, म्हणजे लोक आडनावाप्रमाणे रांग लावून मत द्यायला आले म्हणायचे. जॉन्सन ८७ मतांनी जिंकले. तिथल्या निवडणूक अधिकाऱ्याने १९७७ मध्ये, जॉन्सन आणि जॉर्ज पार दोघंही वारल्यावर, हे सगळं बनावट होतं अशी कबुली दिली.

पण गोष्ट एवढीच सांगितली तर अर्धी राहते. याच जॉन्सन यांच्याकडे, सिनेटर होऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, एक तार आली. फिलिपिन्समध्ये १९४५ साली मारला गेलेला फेलिक्स लोंगोरिया हा मेक्सिकन वंशाचा सैनिक. त्याचा देह चार वर्षांनी गावी, टेक्सासमधल्या थ्री रिव्हर्सला आणायचा होता. गावातल्या अंत्यविधीगृहाच्या मालकाने विधवेला सांगितलं, सभागृह मिळणार नाही, गोऱ्यांना आवडणार नाही. कॉर्पस क्रिस्टीतले डॉक्टर हेक्टर गार्सिया यांनी मेक्सिकन अमेरिकन माजी सैनिकांची ‘जीआय फोरम’ ही संघटना आदल्याच वर्षी काढली होती. त्यांनी तारा केल्या. जॉन्सन यांचं उत्तर लगेच आलं, आणि १६ फेब्रुवारी १९४९ रोजी लोंगोरियाला वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात पुरलं. जॉन्सन तिथे हजर होते.

पेटी नंबर १३ आणि लोंगोरियाचं दफन यांच्यात सहा महिन्यांचं अंतर नाही. दक्षिण टेक्सासमध्ये डेमोक्रॅट पक्षाशी जी निष्ठा पुढे पन्नास-साठ वर्षं टिकली, ती या दोन धाग्यांच्या पिळातून बनली. एक धागा मिंधेपणाचा, दुसरा उपकाराच्या आठवणीचा. दोन्ही माणसांच्या आयुष्याला बांधलेले होते. ती माणसं गेली की त्यांच्याबरोबर जाणारे.

१९६० मध्ये डॉक्टर गार्सियांसारख्यांनी ‘व्हिवा केनेडी’ क्लब काढले. जॅकलिन केनेडी यांनी स्पॅनिशमध्ये टीव्हीवर मतं मागितली. केनेडी टेक्सास सुमारे ४६ हजार मतांनी जिंकले. २१ नोव्हेंबर १९६३ च्या रात्री, म्हणजे डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली त्याच्या आदल्या रात्री, केनेडी पतिपत्नी ह्यूस्टनमध्ये मेक्सिकन अमेरिकन लोकांच्या ‘लुलॅक’ या जुन्या संघटनेच्या मेळाव्यात डोकावली आणि जॅकलिन यांनी तिथेही स्पॅनिशमध्ये चार शब्द बोलून दाखवले. सीमेजवळच्या घरांत येशूच्या तसबिरीशेजारी केनेडींचा फोटो लागला तो तेव्हापासून.

इथवर ही मेक्सिकन अमेरिकन मतांची गोष्ट होती. तिला ‘हिस्पॅनिक’ हे देशभरचं नाव आणि रूप मिळालं ते कचेऱ्यांमध्ये. १९७० च्या जनगणनेत पाच टक्के घरांना वंशाचा प्रश्न विचारून पाहिला. पर्यायांत ‘मध्य किंवा दक्षिण अमेरिकन’ असं होतं. कॅन्सस, अलाबामा भागातल्या कितीतरी गोऱ्या-काळ्या लोकांनी त्यावर खूण केली. आपण अमेरिकेच्या मध्यभागी, दक्षिणेत राहतो, मग आपण तेच! १९८० ला प्रश्न सुधारून सगळ्या घरांना विचारला. या दशकात काय झालं ते समाजशास्त्रज्ञ क्रिस्तिना मोरा यांनी त्यांच्या पुस्तकात छान उलगडलं आहे. वॉशिंग्टनमधल्या संघटनांना अनुदान मिळवायला मोठा राष्ट्रीय आकडा हवा होता. जनगणना कार्यालयाला एकच रकाना हवा होता. आणि स्पॅनिश दूरचित्रवाणीला, म्हणजे पुढे जिचं नाव युनिव्हिजन झालं त्या वाहिनीला, जाहिरातदारांपुढे ठेवायला एक अखंड बाजारपेठ हवी होती. तिघांच्या गरजा जुळल्या. मायामीचा क्युबन आणि सॅन अँटोनियोचा मेक्सिकन एकाच बातमीपत्रापुढे बसू लागले.

बाजारपेठ म्हटल्यावर तिथे जाहिरातवाले आलेच. सॅन अँटोनियोच्या लायोनेल सोसा यांनी १९७८ मध्ये रिपब्लिकन सिनेटर जॉन टॉवर यांच्यासाठी स्पॅनिश प्रचार केला, टॉवर अगदी थोडक्यात जिंकले. मग रेगन यांनी सोसांना बोलावलं. सोसा सांगत आले आहेत, की रेगन त्यांना म्हणाले : हिस्पॅनिक लोक मुळात रिपब्लिकनच आहेत, त्यांना ते अजून कळलेलं नाही एवढंच. कुटुंब, देवधर्म, कष्ट, देशप्रेम या गोष्टींवर बोट ठेवायचं होतं रेगनना. १९८४ मध्ये तिघांपैकी एकाहून अधिक लॅटिनो मतं त्यांना पडली, आणि १९८६ मध्ये त्यांनीच कायदा करून सुमारे २७ लाख बेकायदा स्थलांतरितांना कागदपत्रं दिली. म्हणजे रिपब्लिकन पक्षाला लॅटिनो मतं ही काही २०२४ ची नवलाई नाही. २००४ मध्ये धाकट्या बुश यांनाही चाळीस टक्क्यांच्या आसपास मतं होती. टेक्सासचे गव्हर्नर म्हणून ते मोडक्या स्पॅनिशमध्ये बोलत, आणि लोकांना ते मोडकेपण आवडे.

मधल्या काळात कॅलिफोर्नियात उलटं घडलं. १९९४ मध्ये गव्हर्नर पीट विल्सन यांना पुन्हा निवडून यायचं होतं. त्यांच्या जाहिरातीत सीमेवरून माणसं रस्त्यावर धावत सुटल्याची धूसर दृश्यं आणि खाली आवाज : ते येतच आहेत. बरोबर ‘प्रपोझिशन १८७’ हे सार्वमत, कागद नसलेल्यांना सरकारी शाळा आणि बहुतेक आरोग्यसेवा बंद करणारं. ५९ टक्क्यांनी ते मंजूर झालं, कोर्टात अडकलं आणि शेवटी मेलं. विल्सनही जिंकले. पण नंतरच्या वर्षांत लाखो लॅटिनोंनी नागरिकत्वाचे अर्ज भरले, मतदारयादीत नावं घातली, आणि कॅलिफोर्नियाचं राजकारण पालटलं. अमेरिकी राजकारणाच्या शिकवण्यांत हा धडा पाठ करून घेतात : लॅटिनोंना दुखावलं की संपलं. त्यात दोन खाचखळगे आहेत, ते कोणी सांगत नाही. कॅलिफोर्निया राष्ट्राध्यक्षपदासाठी १९९२ मध्येच, म्हणजे १८७ च्या आधीच, डेमोक्रॅटकडे गेला होता. आणि तेव्हाच्या एक्झिट पोलनुसार लॅटिनो मतदारांतल्याही जवळपास पाव लोकांनी १८७ च्या बाजूने मत दिलं होतं. हा पाव हिस्सा कायम होता. त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

२०१२ मध्ये मिट रॉम्नी यांनी बेकायदा लोक स्वतःहूनच देश सोडतील अशी परिस्थिती आणू असं म्हटलं आणि त्यांना लॅटिनो मतं मिळाली २७ टक्के. रिपब्लिकन पक्षाने पराभवाचं शवविच्छेदन केलं. २०१३ चा तो अहवाल त्याच नावाने ओळखला जातो. निष्कर्ष होता, की स्थलांतराच्या कायद्यात सुधारणा मान्य करा, भाषा सौम्य ठेवा, नाहीतर पक्षाला भवितव्य नाही. दोन वर्षांत ट्रम्प आले आणि त्यांनी या अहवालातलं एक वाक्य पाळलं नाही. हिशेबाने त्यांचा लॅटिनो मतांत धुव्वा उडायला हवा होता. २०१६ मध्ये ते रॉम्नींच्या आसपासच राहिले. २०२० मध्ये वाढले. प्यू संशोधन केंद्र मतदार यादीशी ताडून जी पाहणी करतं, तिच्यात ३६ टक्के. २०२४ मध्ये ४८, तर कमला हॅरिस ५१.

या टक्क्यांवर किती विश्वास ठेवायचा, हेही थोडं सांगायला हवं, कारण ‘लॅटिनो मत’ हे मतपेटीतून निघत नाही. मतपत्रिकेवर वंश नसतो. एक्झिट पोलवाले निवडक मतदान केंद्रांबाहेर उभे राहतात. ही केंद्रं अख्ख्या राज्याचा नमुना म्हणून निवडलेली असतात, लॅटिनोंचा नमुना म्हणून नाही. लॅटिनो मोहल्ल्यात राहणारा आणि मिश्र उपनगरात राहणारा यांचं मत सारखं नसतं, मग नमुन्यात कोण जास्त सापडला त्यावर आकडा हलतो. २००४ मध्ये बुश यांचे ४४ टक्के जाहीर झाले, नंतर अभ्यासकांनी ते चाळीसच्या आसपास आणले. २०१६ मध्ये एक्झिट पोल म्हणत होता ट्रम्प २८. ‘लॅटिनो डिसिजन्स’ ही खास संस्था म्हणत होती १८. दहा टक्क्यांचं अंतर! दोघांनी आपापल्या आकड्यावर लेख पाडले.

म्हणून स्टार काउंटी मोलाची. शंभरातले सत्त्याण्णव लॅटिनो असले की नमुन्याचा प्रश्न उरत नाही. मतमोजणी हीच पाहणी. आणि तिथली टक्केवारी बाजूला ठेवून नुसती मतं पाहिली की वेगळंच चित्र दिसतं. २०१६ मध्ये क्लिंटन यांना साधारण ९,३०० मतं होती, ट्रम्प यांना २,२००. २०२० मध्ये बायडेन यांना ९,१००, म्हणजे जवळजवळ तेवढीच. ट्रम्प यांना ८,२००. डेमोक्रॅटचा गठ्ठा जागच्या जागी होता. शेजारी सहा हजार नवी मतं उभी राहिली होती. ज्यांनी तोवर मतच दिलं नव्हतं, किंवा काउंटीच्या राजकारणापुरतं दिलं होतं, अशांचीच त्यात भरती मोठी असणार. २०२४ मध्ये ट्रम्प ९,५०० वर गेले आणि हॅरिस सात हजारांच्याही खाली आल्या. आधी न येणारे आले, मग येणारे यायचे थांबले. ‘फिरला’ या शब्दात हे दोन्ही मावत नाही.

न येणाऱ्यांचा साठा या समाजात प्रचंड आहे. जनगणना खात्याच्या पाहणीत २०२० मध्ये गोऱ्या नागरिकांतले ७१ टक्के मत द्यायला गेले, लॅटिनो नागरिकांतले ५४. कारण साधं आहे, मतदार तरुण आहे. दरवर्षी सुमारे चौदा लाख लॅटिनो मत द्यायला पात्र होतात, बहुतेक अमेरिकेत जन्मलेले, नुकते अठरा पूर्ण केलेले. २००० मध्ये पात्र लॅटिनो मतदार १ कोटी ४३ लाख होते, २०२४ मध्ये ३ कोटी ६२ लाख. या पोरांना ना पेटी नंबर १३ माहीत ना लोंगोरिया. केनेडींचा फोटो आजीच्या खोलीत होता, एवढंच.

सीमेवरच्या गावांत जुनी यंत्रणा पार घराण्यानंतरही राहिली होती. तिथे ‘पोलितिकेरा’ नावाच्या बायका असतात. निवडणुकीच्या मोसमात पैसे घेऊन घरोघरी फिरायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडीत घालून केंद्रावर न्यायचं, कोणावर खूण करायची ते वाटेत सांगायचं. पण या बायका राबायच्या शेरीफ, न्यायाधीश, शाळा मंडळ यांच्यासाठी. खरी लढत मार्चमध्ये, डेमोक्रॅट पक्षाच्याच प्रायमरीत; नोव्हेंबरात सामना उरायचाच नाही. आणि नोव्हेंबरात एक सोय होती, एकच बटण दाबून वरपासून खालपर्यंत सगळ्या जागांसाठी एका पक्षाला मत. टेक्सासच्या रिपब्लिकन विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा करून हे बटण काढलं, आणि २०२० ही त्याशिवायची पहिली निवडणूक ठरली. निकाल केवळ बटणामुळे फिरला असं मी म्हणणार नाही. पण शेरीफ आपला, पलीकडच्या गल्लीतला, आणि राष्ट्राध्यक्ष मात्र वेगळा, असा विचार करायला मतदाराचं बोट पहिल्यांदा थांबलं.

थांबल्यावर त्याला काय दिसलं? स्टारच्या शेजारची झपाटा काउंटी तेल आणि वायूवर जगते. २०१६ मध्ये क्लिंटन तिथे तेहेतीस टक्क्यांच्या फरकाने पुढे होत्या; २०२० मध्ये, बायडेन तेलापासून दूर जायची भाषा करत असताना, ट्रम्प जिंकले. नदीकाठच्या गावांत पगाराच्या नोकऱ्या म्हणजे शाळा, काउंटीची कचेरी आणि सीमेवर गस्त घालणारं बॉर्डर पेट्रोल. या दलात निम्म्याच्या आसपास जवान लॅटिनो आहेत. त्या घरांतला पोरगा हिरव्या गणवेशात नदीवर उभा असतो, आणि बाहेरच्यांना वाटतं सीमा म्हटलं की या लोकांचं हृदय पलीकडच्यांसाठी द्रवतं. २०२२-२३ मध्ये व्हेनेझुएला, होंडुरास आणि कुठून कुठून आश्रय मागणारे लोंढे आले. डिसेंबर २०२३ मध्ये एका महिन्यात अडीच लाखांच्या आसपास माणसं बॉर्डर पेट्रोलच्या ताब्यात आली. त्यांना कामाचे परवाने मिळतात आणि आमचा काका तीस वर्षं राबूनही बिनकागदाचा, ही तक्रार टेक्सासपासून शिकागोपर्यंत ऐकू येत होती. ओबामांनी २०१२ मध्ये लहानपणी आणलेल्या मुलांना संरक्षण दिलं, पण त्याच वर्षी हद्दपारीचा आकडा चार लाखांवर होता, हेही लोक विसरले नव्हते. सुधारणेचं आश्वासन दर चार वर्षांनी येई आणि जाई.

आणि महागाई. जून २०२२ मध्ये ती ९.१ टक्के होती, चाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. लॅटिनो कुटुंबांत पगारदार कामगार जास्त, बचत कमी, घरात माणसं जास्त. अंडी, पेट्रोल आणि घरभाडं वाढलं की झळ यांना आधी. लास व्हेगासमध्ये हॉटेल-कॅसिनोंतल्या वेटर, सफाईवाल्या, स्वयंपाकी यांची ‘कलिनरी युनियन’ आहे, साठ हजारांची, निम्म्याहून जास्त लॅटिनो. ही युनियन नेवाडात डेमोक्रॅट पक्षाचा कणा समजली जाते. जून २०२४ मध्ये ट्रम्प तिथे गेले आणि म्हणाले, टिपवर कर नको. धोरण म्हणून ते किती शहाणपणाचं यावर अर्थतज्ज्ञ नाकं मुरडत राहिले. हॅरिस यांनी ऑगस्टात, त्याच शहरात येऊन, तेच आश्वासन दिलं. नेवाडा ट्रम्प यांनी जिंकला, २००४ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन.

पुरुषांचा कल ट्रम्प यांच्याकडे जास्त गेला. एक्झिट पोलनुसार लॅटिनो पुरुषांत ते निम्म्याच्या पुढे, बायकांत हॅरिस साठच्या आसपास. धर्मही बदलतोय. प्यूच्या पाहणीत २०१० मध्ये ६७ टक्के लॅटिनो प्रौढ कॅथलिक होते, २०२२ मध्ये ४३. सोडून गेलेल्यांतले बहुतेक निधर्मी झाले, पण इव्हँजेलिकल चर्चांमध्ये असलेल्यांचा ओढा रिपब्लिकनांकडे स्पष्ट आहे. याशिवाय एक कारण फारसं बोललं जात नाही : प्रचाराचा खर्च होतो तो अटीतटीच्या राज्यांत, आणि पात्र लॅटिनो मतदारांतले दहातले चार राहतात कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये. तिथे दोन्ही पक्षांनी वर्षानुवर्षं दार ठोठावलं नाही. एकाला जिंकायची खात्री, दुसऱ्याला हरायची.

पेनसिल्व्हेनियात मात्र सहा लाखांच्या आसपास लॅटिनो मतदार आणि लढत अटीतटीची. मतदानाला नऊ दिवस उरले असताना न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ट्रम्प यांच्या सभेत एका विनोदवीराने पोर्तो रिकोला समुद्रात तरंगणारा कचऱ्याचा ढीग म्हटलं. रेडिंग, ॲलनटाउन या शहरांत निम्म्याहून जास्त लॅटिनो, त्यांत पोर्तो रिकन पुष्कळ. वाहिन्यांनी निकाल जवळजवळ लावूनच टाकला. मतमोजणी झाली तेव्हा या शहरांत हॅरिस पुढे होत्या, पण ट्रम्प यांचा वाटा मागच्या वेळेपेक्षा वाढला होता आणि राज्य त्यांनी जिंकलं. फ्लोरिडात पोर्तो रिकनबहुल ओसिओला काउंटीही त्यांच्याकडे गेली. विनोद लोकांना झोंबला नाही असं नाही. बरण्यांतल्या कॉफीची किंमत जास्त झोंबली, एवढंच.

आता हा नवा गठ्ठा झाला का? रिपब्लिकन पक्षातल्या बऱ्याच जणांना तसं वाटलं. न्यू जर्सीतली पसेइक काउंटी पाहा. लॅटिनो कामगारांची दाट वस्ती, २०२४ मध्ये ट्रम्प यांनी जिंकलेली. वर्षभरात हद्दपारीच्या धाडी कामाच्या जागांवर, कोर्टांच्या दारांत सुरू झाल्या, व्हेनेझुएलातून आलेल्यांचं तात्पुरतं संरक्षण काढून घेतलं, किराणा काही स्वस्त झाला नाही. नोव्हेंबर २०२५ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत तीच काउंटी डेमोक्रॅट मिकी शेरिल यांनी सहज जिंकली. याच राज्यातल्या एडिसन परिसरात राहणाऱ्या मराठी-गुजराती मंडळींना या झोक्याचं फार नवल वाटू नये. कार्नेगी संस्थेच्या पाहणीत भारतीय अमेरिकनांतही ट्रम्प यांचा पाठिंबा २०२० च्या २२ टक्क्यांवरून २०२४ मध्ये ३१ वर गेला होता, आणि तोही तरुण पुरुषांच्या जोरावर.

टेक्सासने दरम्यान पैज लावून टाकली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये, जनगणनेची वाट न पाहता, विधिमंडळाने संसदेच्या मतदारसंघांचा नकाशा नव्याने आखला. रिपब्लिकन पक्षाला पाच जागा जास्त मिळाव्यात अशी ही आखणी. खालच्या कोर्टाने ती अडवली, पण डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने वापरायला मोकळीक दिली. पाचपैकी दोन जागा, २८ आणि ३४ क्रमांकाच्या, रिओ ग्रांदेच्या काठच्या. लॅटिनो मतं २०२४ ला पडली तशीच नोव्हेंबर २०२६ मध्येही पडतील, असं धरूनच त्यांच्या रेषा ओढल्या आहेत. त्या वेळी मतपत्रिकेवर ट्रम्प यांचं नाव नसेल. आणि २०२४ मध्येसुद्धा या दोन्ही मतदारसंघांत राष्ट्राध्यक्षपदासाठी ट्रम्प पुढे होते, तर खासदार म्हणून निवडून आले होते ते हेन्री क्वेयार आणि व्हिसेंते गोन्सालेस, दोघंही डेमोक्रॅट.